पुढे फूल, मागे मोती

"फुलाचा डोळा आहे, याला हात लावता येणार नाही." म्हणजे बुबुळावर पांढरा डाग, फूल, पडलेल्या या डोळ्यातल्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होणार नाही. हे कुणीतरी कधीतरी सांगितलं आणि ते ऐकून घरी बसली, अशी माणसं वेंगुर्ल्यापासून देवगडपर्यंत कुठल्याही वाडीत सापडतात. सांगणारा दरवेळी चुकीचाच असतो असं नाही. पण तो वाक्य अर्धवट सोडतो. आत्ता नाही की कधीच नाही? इथे नाही की कुठेच नाही? शिबिराच्या रांगेत हे बोलायला वेळ नसतो. मी या पट्ट्यात डोळे तपासतो, त्यामुळे उरलेलं अर्धं वाक्य सांगायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे येतं.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात एक आजी मुलाचा हात धरून आल्या. वय सदुसष्ट. डावा डोळा वीसेक वर्षांपूर्वी गुराचं शिंग लागून गेलेला. उजव्या डोळ्यात फूल, तेही वयाच्या बाराव्या वर्षापासून. मळणीच्या वेळी भाताचं कूस डोळ्यात गेलं. आईने पदराच्या टोकाने काढायचा प्रयत्न केला, मग दूध घातलं, मग कुणीतरी सुचवलेल्या पाल्याचा रस. पंधरा दिवस डोळा उघडला नाही आणि उघडला तेव्हा बुबुळावर पांढरा डाग होता. तरी त्या डोळ्यावर संसार झाला. गेल्या पाच-सहा वर्षांत मात्र उजेड कमी कमी होत गेला. आल्या तेव्हा समोर हात हलवला तर 'हलतोय' एवढंच त्यांना कळत होतं.

टॉर्च मारल्यावर फूल दिसलंच. ते कुणालाही दिसेल. पण फुलाच्या कडेने, वरच्या स्वच्छ भागातून तिरकं आत डोकावलं तर बाहुलीच्या मागे पिकून तपकिरी झालेला मोतीबिंदू बसला होता. त्याच्याकडे आधी कुणाचं लक्षच गेलं नव्हतं, कारण सगळ्यांची नजर फुलावरच अडली.

डोळ्याची रचना समजायला आपलं कौलारू घर पुरेसं आहे. माजघरात उजेड यावा म्हणून छपरात एक काचेचं कौल घालतात. आता असं समजा की त्या कौलाच्या खाली, माळ्याच्या फळीला गोल भोक पाडून तिथे दुसरी काच बसवली आहे. उजेड आधी कौलातून, मग फळीच्या भोकातून, मग दुसऱ्या काचेतून खाली जमिनीवर येतो. डोळ्यात छपराचं काचेचं कौल म्हणजे कॉर्निया. आपण 'बुबुळ' म्हणतो त्याच्या काळ्या-तपकिरी भागावर घड्याळाच्या काचेसारखी बसलेली ही पारदर्शक काच साधारण बारा मिलीमीटर रुंद आणि मध्यभागी जेमतेम अर्धा मिलीमीटर जाड असते. भोक पाडलेली फळी म्हणजे बुबुळाचा रंगीत पडदा आणि ते भोक म्हणजे बाहुली. खालची काच म्हणजे डोळ्यातलं नैसर्गिक भिंग. जमीन म्हणजे मागचा पडदा, ज्याला आपण रेटिना म्हणतो. वरच्या काचेवर डाग पडला की ते फूल, खालची काच गढूळ झाली की तो मोतीबिंदू.

नेहमीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये खालची काच बदलायची असते. पण कौल न काढता. छपरावर बसून, कौलाच्या कडेला बारीक फट पाडायची, त्यातून काडी आत घालायची आणि वरच्या काचेतून बघत बघत खालची काच काढायची. कौल स्वच्छ असेल तर हे रोजचं काम आहे. कौलावर तीस पावसाळ्यांचं शेवाळ असेल तर काय करायचं?

फूल म्हणजे नेमकं काय

कॉर्निया पारदर्शक का असतो, हे मला शिकताना सगळ्यात आवडलेलं प्रकरण. तो काचेचा नाही, मांसाचाच आहे. पण त्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि त्याचे धागे इतक्या शिस्तीत, ठरावीक अंतरावर रचलेले असतात की उजेड त्यांतून न अडखळता पार होतो. नव्या जाळ्याचे आस जसे एकसारखे असतात तसे. जखम झाली, जंतू शिरले, की शरीर ते भगदाड बुजवतं. पण घाईत फाटलं जाळं सांधावं तसं, जिथे जमेल तिथे गाठी मारून. भोक बुजतं, डोळा वाचतो, शिस्त मात्र मोडते. त्या गाठी म्हणजे फूल. म्हणून फूल थेंबांनी विरघळत नाही. 'फूल काढण्याचं औषध' म्हणून जे विकलं जातं त्याच्या वाटेला जाऊ नये.

सगळी फुलं सारखी नसतात. आरशावर फुंकर मारल्यावर येते तशी पुसट वाफ एका टोकाला, आणि चिनी मातीसारखा पांढराशुभ्र, मागचं काहीच न दाखवणारा डाग दुसऱ्या टोकाला. इथे एक गंमत आहे. बाहुलीच्या समोर पसरलेलं पुसट फूल हे कडेला असलेल्या दाट, ठसठशीत फुलापेक्षा नजर जास्त बिघडवू शकतं. दाट डाग उजेड सरळ अडवतो, आणि बाजूच्या स्वच्छ काचेतून तरी स्पष्ट दिसतं. पुसट डाग उजेड आत सोडतो पण विस्कटून सोडतो. त्यामुळे लांबून भयंकर दिसणारं फूल खरोखर किती नडतंय, हे आरशात बघून ठरत नाही.

ही फुलं येतात कुठून? जुन्या पिढीत काही देवीच्या आजारातून आलेली. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ सालचा, त्यामुळे ती फुलं आता फक्त म्हाताऱ्या चेहऱ्यांवर, व्रणांच्या सोबत दिसतात. काही गोवर आणि 'अ' जीवनसत्त्वाच्या कमतरतेतून, काही खुपऱ्यांतून, म्हणजे पापणीच्या आतल्या बाजूच्या जुनाट संसर्गातून (ट्रॅकोमा). सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून खुपऱ्या देशातून हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये मान्य केलं. आपल्याकडे मात्र शेतीतली इजा अजून तशीच आहे: भाताचं कूस, गवताचं पातं, कापणीतली धूळ. पाल्यापाचोळ्याबरोबर बुरशी डोळ्यात जाते, आणि बुरशीचं अल्सर हे हट्टी दुखणं आहे. त्यात जांभ्याच्या खाणीतली कपची, काजूच्या टरफलाचं जळजळीत तेल, गळ आणि चुना यांची भर.

अंधुकपणाचा सातबारा

कोकणातल्या माणसाला सामाईक सातबारा समजावून सांगावा लागत नाही. एक गुंठा जमीन आणि नावं सतरा. पुढे फूल आणि मागे मोती असलेल्या डोळ्यात अंधुकपणा असाच सामाईक असतो. ऑपरेशन करायचं की नाही यापेक्षा आधीचा प्रश्न असा, की या अंधारात फुलाचा हिस्सा किती आणि मोतीबिंदूचा किती? शिवाय 'इतर हक्कात' कुणाचं नाव चढलं आहे का: काचबिंदू, खराब झालेला पडदा, सुकलेली नस, किंवा लहानपणापासून कामच न शिकलेला आळशी डोळा? मोठा हिस्सा मोतीबिंदूचा असेल तर फुलाला न छेडता मोतीबिंदू काढून भरपूर फायदा होतो. मोठा हिस्सा फुलाचा असेल तर नुसतं मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे पेशंटचा दिवस आणि डॉक्टरचं नाव दोन्ही वाया.

हिस्से मोजायला यंत्रं आहेत, पण पहिला पुरावा पेशंटच्या तोंडून येतो. मी आजींना विचारलं, फूल बाराव्या वर्षी पडलं, मग त्यानंतर या डोळ्याने काय काय केलंत? त्या जरा चिडल्याच.

"डावो डोळो गेलो त्याच्या मागसून सुद्धा सुरंगीचे वळेसर मियाच ओवी. ह्याच डोळ्यान."

सुरंगीची कळी ज्यांनी ओवली आहे त्यांना कळेल मी खुर्चीत सावरून का बसलो. इतकं बारीक काम वयाच्या पन्नाशीत, एकाच डोळ्याने, तेही फुलाच्या डोळ्याने. म्हणजे फुलाच्या बाजूच्या स्वच्छ काचेतून पुरेसं दिसत होतं, पडदा आणि नस शाबूत होते, आणि डोळा आळशी नव्हता. फूल पाच-सहा वर्षांत वाढलेलं नाही. ते तर पंचावन्न वर्षं तसंच आहे. वाढला तो मोतीबिंदू. सातबारा अर्ध्याहून अधिक इथेच वाचून झाला.

हेच फूल दीड-दोन वर्षांच्या वयात पडलं असतं तर गोष्ट वेगळी असती. नजर मेंदू शिकतो, आणि ते शिकणं साधारण सात-आठ वर्षांपर्यंत चालतं. त्या वयात एका डोळ्यातून नीट चित्र गेलंच नाही तर पुढे काच कितीही लख्ख केली तरी मेंदू ते चित्र वाचत नाही. म्हणून डॉक्टर 'फूल कधी पडलं?' असं दोनदा विचारत असेल तर कंटाळू नका. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून या.

मग पुढच्या तपासण्या. अंधाऱ्या खोलीत वरून, खालून, दोन्ही बाजूंनी टॉर्च दाखवून उजेड कुठून येतोय हे विचारणं. साधी वाटते, पण पडदा आणि नस कितपत शाबूत आहेत याचा हा जुना, भरवशाचा अंदाज आहे. उजेडाला बाहुली आकसते का, हे पाहणं. आत डोकावता येत नाही म्हणून बंद पापणीवरून सोनोग्राफी: पडदा सुटलेला नाही ना. डोळ्यातला दाब. अश्रूंची नळी उघडी आहे ना, कारण तिथे पू साठलेला असेल तर ऑपरेशननंतर तोच डोळ्यात उतरेल.

मोतीबिंदू कच्चा असेल तर आणखी एक छान परीक्षा करता येते. डोळ्यावर कडक कॉन्टॅक्ट लेन्स ठेवायची. फुलामुळे कॉर्नियाचा पृष्ठभाग खडबडीत, वेडावाकडा झालेला असतो. कडक लेन्स आणि तिच्याखालचं अश्रूंचं पाणी तो खडबडीतपणा भरून काढतं. लेन्स ठेवल्यावर नजर एकदम सुधारली तर अडचण डागाच्या पांढरेपणाची नसून पृष्ठभागाच्या उंचसखलपणाची होती, आणि ती नंतर अशाच लेन्सने सांभाळता येईल. आजींचा मोतीबिंदू इतका पिकला होता की ही परीक्षा करून उपयोग नव्हता.

लेन्सचा नंबर आणि मुंबईचा मुलगा

मोतीबिंदू काढल्यावर आत बसवायच्या लेन्सचा नंबर दोन मापांवरून काढतात: डोळ्याची लांबी आणि कॉर्नियाचा बाक. डोळ्याच्या एकूण शक्तीत दोन-तृतीयांश वाटा कॉर्नियाच्या बाकाचा असतो, म्हणजे तिथलं माप चुकलं की लेन्स चुकली. आणि फुलावर यंत्र गोंधळतं. तीनदा मापलं तर तीन आकडे येतात. अशा वेळी दुसऱ्या डोळ्याचा बाक उसना घेतात, कारण दोन्ही डोळे बहुधा जुळे असतात. आजींच्या बाबतीत दुसरा डोळाच नव्हता. मग पुन्हा पुन्हा मापून, स्वच्छ भागावरचे आकडे धरून, आणि नंबर थोडा उण्याच्या बाजूला ठेवून हिशेब जुळवला. उण्याच्या बाजूला म्हणजे जवळचं बरं दिसेल आणि लांबचं चष्म्याने. का, तर त्यांना विचारलं होतं.

"डॉक्टरानू, माका काय पेपर वाचूचो नाय. तांदूळ निवडताना खडो दिसाक होयो."

मुलगा मुंबईहून रजा काढून आलेला. त्याचं म्हणणं, पैशाकडे बघू नका, भारीतली भारी लेन्स घाला, ती जवळ-लांब दोन्हीची असते ना, तीच. प्रेम कळत होतं. पण ती लेन्स येणारा उजेड वाटून देते, थोडा जवळसाठी, थोडा लांबसाठी. फुलाने आधीच विस्कटलेला उजेड पुन्हा वाटून दिला तर कुणाच्याच वाट्याला पुरेसा येत नाही. फुलाच्या डोळ्यात साधी, एकाच अंतराची लेन्स बरी. हे त्याला पटायला एक चहा लागला.

आणखी एक गोष्ट बोलून घेतली, आणि ती लेखी घेतली. डोळा एकच आहे. काही बिघडलं तर हात हलवलेलाही दिसणार नाही. सगळं चांगलं झालं तरी फूल तिथेच राहणार, चष्मा लागणार, उन्हात डोळे दिपणार. ही चर्चा न करता जो डॉक्टर फुलाच्या डोळ्याचं ऑपरेशन करतो त्याला पेशंट नंतर 'ऑपरेशन फसलं' म्हणतात, जरी ते उत्तम झालेलं असलं तरी.

धुक्यात गाडी

आंबोलीचा घाट पावसाळ्यात रात्री ज्यांनी उतरला आहे त्यांना पुढचं लगेच कळेल. धुकं दाट झालं की नवखा माणूस घाबरून हेडलाइट अप्पर करतो, आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. उजेड कमी पडत नसतो. तो धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यात परत येत असतो. मुरलेला एस.टी. ड्रायव्हर दिवा खाली घेतो आणि रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टा धरून चालतो.

ऑपरेशनच्या मायक्रोस्कोपचा दिवा वरून, जवळजवळ आपल्या नजरेच्याच रेषेत खाली येतो. स्वच्छ डोळ्यात तो आतल्या पडद्यापर्यंत जाऊन लालसर चमक परत आणतो, आणि त्या लाल पार्श्वभूमीवर सगळे बारीक पापुद्रे उठून दिसतात. फुलाच्या डोळ्यात तोच दिवा म्हणजे अप्पर लाइट. पिकलेल्या मोतीबिंदूमुळे लाल चमक तर नाहीच, वर फुलावरून परतलेली पांढरी भिंत.

म्हणून आधी मायक्रोस्कोपचा दिवा मंद केला. पडद्याच्या ऑपरेशनमध्ये वापरतात ती काडीएवढी बारीक दिव्याची नळी सिस्टरने कॉर्नियाच्या कडेला तिरकी धरली. खोलीतले दिवे घालवले. कडेने आलेला उजेड फुलाला फारसा न भिडता खाली पोचतो, आणि आतली वस्तू सावलीसकट दिसू लागते. डोळ्यावर दाट, पारदर्शक जेलचा थेंब ठेवला. खरखरीत काच पाण्याने ओली केली की आरपार दिसते, तसाच हा प्रकार. खडबडीतपणाचा बराचसा धूसरपणा त्या थेंबाखाली निघून जातो.

मग सगळ्यात नाजूक पायरी. नैसर्गिक भिंग एका पातळ पिशवीत असतं. ताडगोळा सोलला आहे का कधी? वरची साल काढल्यावर आत पाण्यासारखा गर आणि त्याला धरून ठेवणारं पातळ आवरण. त्या आवरणाला फक्त वरच्या बाजूने, पाच-साडेपाच मिलीमीटरची गोल खिडकी पाडायची, आतला गर काढायचा आणि मागचं आवरण जसंच्या तसं ठेवायचं, कारण नवी लेन्स त्याच पिशवीत बसणार असते. मागचं आवरण काही ठिकाणी मिलीमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावं लागतं, चारेक भाग. खिडकीची कड वेडीवाकडी फाटली की चीर मागे पळते आणि भिंग खोल आत पडू शकतं.

हे पारदर्शक आवरण धुक्यातून दिसणार कसं? त्याला रंगवून. ट्रायपॅन ब्लू नावाचा निळा रंग डोळ्यात हवेचा बुडबुडा भरून त्याखाली सोडायचा, काही क्षण थांबायचं, धुऊन टाकायचा. आवरण फिकट निळं होतं, गढूळ भिंग पांढरं-तपकिरी राहतं. नेदरलँड्सच्या गेरिट मेलेस यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ही युक्ती प्रसिद्ध केली. आधीच्या सर्जननी हे काम निव्वळ हाताच्या अंदाजाने कसं केलं असेल, याचा विचार केला की त्यांच्याबद्दलचा आदर वाढतो.

आजींचं फूल मध्यापासून खाली, नाकाच्या बाजूला होतं. खिडकीची निळी कड वरून फिरत आली आणि घड्याळातल्या सहाच्या आकड्यापाशी फुलाखाली गडप झाली. इथे हात पुढे रेटायचा नसतो. थांबायचं, जेल भरून जागा करायची, डोळा हलकेच खालच्या बाजूला वळवायचा म्हणजे ती कड फुलाच्या बाजूने दिसते, चिमट्याने पुन्हा जवळून पकडायची, इंचभर नव्हे, केसभर पुढे जायचं, पुन्हा थांबायचं. असं पाच वेळा. मग कड फुलाच्या दुसऱ्या अंगाने बाहेर आली. मला वाटतं सिस्टरने माझ्याआधी श्वास सोडला.

भिंग फोडून काढायच्या यंत्राऐवजी मी ते आख्खं काढलं, डोळ्याच्या पांढऱ्या भागातून बोगद्यासारखा सहा-साडेसहा मिलीमीटरचा बिनटाक्याचा छेद घेऊन. यंत्राचं टोक आत चालवताना ते सतत दिसत राहावं लागतं. धुक्यात ते जमेलच असं नाही, आणि इतकं कडक भिंग फोडायला शक्तीही जास्त लागते. 'मशीनचं का नाही केलं?' असं मुलाने नंतर विचारलंच. नेहमी दहा-पंधरा मिनिटांचं काम, त्या दिवशी पाऊण तास लागला.

डाग आणि सूज यांत फरक

इथपर्यंत जे सांगितलं ते डागाबद्दल. कॉर्निया धूसर होण्याचं दुसरं कारण सूज, आणि ते वेगळं प्रकरण आहे.

एक निवृत्त मास्तर तक्रार घेऊन आले: सकाळी पेपर दिसत नाही, जेवणानंतर तोच पेपर दिसतो. घरचे म्हणत, वयाचा वेंधळेपणा. हे वाक्य ऐकलं की डोळ्याचा डॉक्टर सावध होतो. कॉर्नियाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, एंडोथेलियम. होडीत झिरपणारं पाणी एकजण सतत उपसत बसतो ना, तसं या पेशी कॉर्नियात शिरणारं पाणी रात्रंदिवस उपसत असतात. उपसणारे कमी झाले की पाणी साठतं, कॉर्निया फुगतो, धुरकटतो. रात्री पापण्या मिटलेल्या, पाण्याची वाफ होत नाही. म्हणून सकाळ वाईट. डोळे उघडे राहिले, ऊन-वारा लागला की दुपारपर्यंत जरा निवळतं.

या पेशी माणसात पुन्हा वाढत नाहीत. तरुणपणी एका चौरस मिलीमीटरमध्ये अडीच-तीन हजार असतात, वयाप्रमाणे घटत जातात, आणि मोतीबिंदूचं कोणतंही ऑपरेशन त्यातल्या काही खर्च करतंच. संख्या पाचशे-सातशेच्या खाली गेली की होडी बुडायला लागते. फुक्स नावाच्या आनुवंशिक विकारात त्या आधीपासूनच कमी असतात. अशा माणसाला 'मोतीबिंदू पिकू दे, मग बघू' हा सल्ला महागात पडतो. भिंग जितकं कडक, तितकी ओढाताण जास्त, तितक्या पेशी अधिक मरतात.

मास्तरांना आम्ही मोठ्या शहरात पाठवलं. तिथे मोतीबिंदू काढून त्याच वेळी कॉर्नियाचा फक्त आतला थर बदलता येतो. दान केलेल्या कॉर्नियातून काढलेला तो थर मिलीमीटरच्या शंभराव्या भागाच्या दीडपटीहून जाड नसतो. २००६ मध्ये ही पद्धत मांडणारे पुन्हा तेच मेलेस.

मग फूलच का बदलू नये?

बदलता येतं. १९०५ मध्ये डिसेंबरच्या ७ तारखेला ओलोमोउट्स इथे, म्हणजे आताच्या चेक प्रजासत्ताकात, एडुआर्ट त्सिर्म यांनी माणसावरचं पहिलं यशस्वी कॉर्निया प्रत्यारोपण केलं. पेशंट एक मजूर होता, डोळे चुन्याने भाजलेला. पान खाणाऱ्या आपल्या मुलखाला चुन्याची ही ओळख जवळची आहे.

फूल दाट, मधोमध आणि सातबाऱ्यावर त्याचाच मोठा हिस्सा असेल तर प्रत्यारोपणाला पर्याय नाही. कधी मोतीबिंदू, लेन्स आणि नवा कॉर्निया एकाच बैठकीत उरकतात, कधी आधी कॉर्निया आणि टाके निघाल्यावर मोतीबिंदू. एकाच बैठकीत केलं तर एक फेरी वाचते, पण कॉर्निया काढल्यावर डोळा काही काळ वरून सताड उघडा असतो आणि आतून अचानक रक्तस्राव झाला तर डोळा जाऊ शकतो. शिवाय लेन्सचा नंबर अंदाजाने घ्यावा लागतो. टप्प्याने केलं तर नंबर अचूक येतो, पण दुसऱ्या ऑपरेशनात नव्या कॉर्नियाच्या पेशी खर्ची पडतात.

पण माझ्या मते आपल्याकडे खरा प्रश्न ऑपरेशनच्या टेबलावर सुटत नाही, त्यानंतरच्या दोन वर्षांत सुटतो. थेंब महिनोन्महिने. टाके टप्प्याटप्प्याने. डोळा लाल झाला, दुखला, धूसर झाला, तर त्याच दिवशी दाखवायचं, कारण शरीर परका कॉर्निया नाकारत असू शकतं. खाडीपलीकडच्या वाडीत एकटी राहणारी बाई आषाढात घाट चढून त्याच दिवशी कोल्हापूर गाठेल का? ज्यांच्यामागे माणूस आहे, पैसा आहे, त्यांना मी जरूर पाठवतो. बाकीच्यांच्या बाबतीत, मोतीबिंदूचा हिस्सा मोठा असेल, तर फूल आहे तिथे ठेवून मोतीबिंदू काढणं हा दुय्यम पर्याय नव्हे. कित्येकदा तोच शहाणा पर्याय असतो. फूल बाहुलीच्या नेमकं समोर असेल तर बाहुलीच स्वच्छ काचेच्या दिशेने थोडी मोठी करून देता येते. जुनी, स्वस्त, विसरली गेलेली युक्ती आहे.

२०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांच्या अंधत्वात मोतीबिंदूचा वाटा सुमारे ६६ टक्के होता, कॉर्नियाच्या डागांचा सात-आठ टक्के. पन्नाशीच्या आत मात्र डाग पहिल्या क्रमांकावर. कॉर्निया मिळतो तो मरणोत्तर नेत्रदानातूनच. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात. चष्मा असलेले, मधुमेही, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले, सगळे देऊ शकतात. नेत्रदान पंधरवडा २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर, म्हणजे बहुतेक वर्षी गणपतीच्या आगेमागेच, चाकरमानी घरी येतात त्या सुमाराला येतो.

फूल पडूच नये म्हणून काय करायचं ते थोडक्यात. डोळ्यात चुना गेला तर डॉक्टर शोधत न बसता आधी तिथल्या तिथे स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवा, मग निघा. कूस, पातं, कपची गेली तर चोळू नका. दूध, मध, रस काही नको, आणि दुकानदाराने दिलेले लाली घालवणारे थेंब तर नकोच. त्यात स्टेरॉइड असेल तर बुरशीला मोकळं रान मिळतं.

आजींची पट्टी दुसऱ्या दिवशी काढली. कॉर्निया थोडा सुजलेला होता, त्यामुळे लगेच काही खास दिसलं नाही, आणि मुलाचा चेहरा पडला. आठवड्याने सूज उतरली. सहा आठवड्यांनी चष्मा लावून तक्त्यावरची ६/२४ ची ओळ वाचली, म्हणजे निरोगी डोळ्याला चोवीस मीटरवरून दिसतं ते सहा मीटरवरून. गाडी चालवायला ती पुरायची नाही. टेबलावर मी मूठभर तांदूळ आणि दोन खडे टाकून ठेवले होते. त्यांनी खडे उचलून माझ्या हातावर ठेवले, आणि तिसरा एक, जो मी टाकलेलाच नव्हता.

उठताना भिंतीवरच्या आरशात वाकून बराच वेळ बघत राहिल्या. "ह्या फूल काढूचा नाय?" मी म्हटलं, ते राहू दे, त्याचा आता फारसा त्रास नाही.

"ऱ्हवांदे मगे. माझ्यावांगडाच म्हातारां झालाहा ता."